नोंदीपुरती लाट

‘सर्फिंग’ हा शब्द माझ्या वाट्याला आला तो सर्दीमुळे.

हे वाक्य वाचून एखादे डॉक्टर दचकतील, म्हणून खुलासा करतो. मी एका मोठ्या शब्दकोशाच्या कचेरीत नोंदी लिहीत असे. आता माझ्या खुर्चीवर छपाईचे कागद बसतात आणि ते माझ्यापेक्षा कमी कुरकुर करतात असं ऐकतो. आमच्या कचेरीत एक नियम होता. तसा नियम जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कचेरीत नसेल याची मला खात्री आहे, कारण जगातल्या बाकीच्या कचेऱ्यांची कामं होतात. नियम असा : ज्या गोष्टीचा स्वतः अनुभव घेतलेला नाही, तिची नोंद लिहायची नाही. आणि अनुभवाला एक साक्षीदार पाहिजे.

याचं मूळ उंटात आहे. पहिल्या खंडात, जन्मात उंट न पाहिलेल्या एका गृहस्थांनी ‘उंट’ लिहिला आणि त्याला शिंगं दिली. वाचकांनी ते निमूटपणे सहन केलं, पण एक उंटवाला कचेरीत येऊन, ‘तसला एक आम्हाला मिळेल का?’ म्हणून बसून राहिला. तेव्हापासून नियम. पुढे ‘विंचू’ लिहिणाऱ्या सहकाऱ्यानं विंचू नुसता पाहिला असता तरी चाललं असतं, पण तो उत्साही. त्याची नोंद वाचताना आजही हात झटकावासा वाटतो. ‘फाशी’ला मात्र रीतसर ठराव करून सूट देण्यात आली. कचेरीच्या इतिहासात एकमतानं झालेला तो एकच ठराव.

तर मी ‘सर्दी’चा अनुभव घेत घरी पडलो होतो. साक्षीदार बायको. परत कामावर येऊन बघतो तो चांगले चांगले शब्द लोकांनी पळवलेले. ‘समुद्र’ गेला, ‘सरकार’ गेलं, ‘सर्कस’ तर दोघांनी वाटून घेतली. टेबलावर उरलं होतं ‘सर्फिंग’. कुणाला भिजायचं नव्हतं.

पण मी मनातून खूश झालो. कारण सांगतो. आमच्या शब्दकोशात अर्ध्या रकान्यापेक्षा मोठी नोंद असेल तर तिच्या खाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरं छापतात. लहान नोंदी अनाथ. आणि माझ्या नशिबी जन्मभर लहानच नोंदी आल्या : ‘सरडा’, ‘सरपण’, ‘सरळ’. माझ्याइतक्या ओळी कुणी लिहिल्या नसतील आणि माझ्याइतका बेपत्ता कुणी राहिला नसेल. नवा खंड घरी आला की माझा मेहुणा, जो काही दिवसांसाठी आमच्याकडे राहायला आला तो अजून आहे, भिंग घेऊन बसायचा आणि विचारायचा, “भावोजी, यात तुम्ही कुठे आहात?”

“सगळीकडे आहे.”

“म्हणजे देवासारखे. दिसत नाही, पण मानायचं.”

हा खंड माझा शेवटचा. तो छापून झाला की मी निवृत्त. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. आणि ‘सर्फिंग’ला अर्थ भरपूर, इतिहास भरपूर, अर्धा काय, सबंध रकाना सहज भरला असता. मुख्य संपादकही तेच म्हणाले. या साहेबांना आम्ही पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणत असू, कारण ते बोलले की पुढे कुणी बोलत नसे.

“सगळे अर्थ हवेत,” पूर्णविराम म्हणाले. “प्रत्येकाचा अनुभव. प्रत्येकाला साक्षीदार. मग आद्याक्षरं.”

मी सोप्यापासून सुरुवात करायची ठरवलं. इंटरनेटवर इकडून तिकडे हिंडणं, हेही सर्फिंगच. कचेरीत संगणक होता, पण त्याच्या वर पूर्णविरामांच्या सहीची पाटी : ‘सर्फिंगला सक्त मनाई’. मी परवानगी मागायला गेलो.

“अर्ज करा.”

“अर्ज कुठे मिळेल?”

“आपल्या संकेतस्थळावर.”

“ते बघायला सर्फिंग करावं लागेल, साहेब.”

“ते परवानगी मिळाल्यावर,” असं म्हणून त्यांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की मुलाखत संपत असे.

शेवटी घरीच बसलो. सुरुवात मोठी गंभीर झाली. शोधता शोधता कळलं की हा शब्द फार जुना आहे आणि त्याचा बाप कोण हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. काहीशे वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर गलबतं नेणारे परदेशी खलाशी, काठावर फुटणाऱ्या लाटांना तसं काहीतरी म्हणत. म्हणजे शब्द आधी नुसत्या फेसाचा होता. माणूस त्यावर नंतर चढला. महासागरातल्या बेटांवरचे लोक मात्र त्याच्याही आधीपासून फळ्या घेऊन लाटांवर उभे राहत. राजाची फळी लांब, रयतेची आखूड. पण आपटताना दोघं सारखेच. पुढे तिथे धर्मोपदेशक गेले. त्यांना हा प्रकार पसंत पडला नाही. लोकांच्या अंगावर कपडे कमी आणि चेहऱ्यावर आनंद जास्त होता म्हणे. मग कधीतरी टीव्ही आला, आणि फळीवरचा माणूस गादीवर आडवा झाला तरी शब्द तोच राहिला. इंटरनेटला तो चिकटवण्यात तर एका ग्रंथपालबाईंचा मोठा हात होता असं सांगतात. संगणकाचा उंदीर ज्या चटईवर फिरतो, त्या त्यांच्या चटईवर लाटेवरच्या माणसाचं चित्र होतं, त्यावरून सुचलं! जगातले मोठमोठे शब्द असे टेबलावर पडलेले असतात आणि आपण त्यावर चहाचा कप ठेवतो.

इथवर ठीक होतं. पण त्या बाईंवरून मी ग्रंथालयांवर गेलो, ग्रंथालयांवरून वाळवीवर, वाळवीवरून घुबडावर. बायको चहा घेऊन आली तेव्हा मी घुबड मान किती फिरवतं ते वाचत होतो आणि स्वतःची फिरवून बघत होतो.

“शब्दाचं झालं का?” तिनं विचारलं.

“हेच ते,” मी म्हणालो. “यालाच म्हणतात.” तिनं साक्षीदार म्हणून सही केली आणि मानेला लावायला मलम आणून दिलं.

टीव्हीच्या सर्फिंगसाठी तर घरातच गुरुजी होते. मेहुण्याच्या हातातला रिमोट आणि त्याचा हात यांत आता फरक उरलेला नाही. तो सिनेमा, सामना, बातम्या आणि स्वयंपाकाचा कार्यक्रम एकाच वेळी बघतो आणि जेवताना सगळ्यांची मिळून एकच गोष्ट सांगतो. त्या संध्याकाळच्या गोष्टीत नायिकेचे वडील मरणशय्येवरून षटकार मारतात, अर्थमंत्री राजीनामा देतात आणि मंद आचेवर परततात. मी तो रिमोट हातात घेऊन पाहिला. मला एकाच ठिकाणी पाच मिनिटं थांबायची खोड. मेहुणा कळवळला. “भावोजी, समजायला लागायच्या आत पुढे जायचं! समजलं की संपलं!” हे वाक्य मी टिपून घेतलं. आमच्या कचेरीतले बरेच जण याच तत्त्वावर चालत.

आता तिसरा अर्थ. अनोळखी लोकांच्या सोफ्यावर फुकट मुक्काम करत जग हिंडण्यालाही सर्फिंगच म्हणतात. जग हिंडायला मला रजा नव्हती, म्हणून मी एक मजला वर हिंडलो. वर दातांचे एक डॉक्टर एकटेच राहतात. ते माझ्या ओळखीचे, पण त्यांनी माझं तोंड पाहिलं होतं, चेहरा कधी पाहिला नव्हता, तेव्हा नियमात बसत होतं. त्यांनी आनंदानं सोफा दिला. सोफा त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या बाहेरचा. किती तरी माणसं त्याच्यावर आत बोलावण्याची वाट बघत बसून गेलेली. मीही रात्रभर त्यावर बसूनच काढल्यासारखी काढली.

सकाळी उशी काखेत मारून जिना उतरू लागलो तर इमारतीचे चेअरमन समोर. त्यांनी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“संसार म्हटला की होतं असं.”

“तसं काही नाही हो. शब्दकोशाचं काम होतं.”

“मी पण माळ्यावरचं काम सांगायचो.”

मी एक मजला उतरून घरात शिरेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचून, बसून, चहा घेत होती. शेजारच्या काकू बायकोचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, “येईल ताळ्यावर. या वयात डोक्यात शिरतं काही काही.”

“अहो, त्यांना सोफ्यावर झोपायचं होतं,” बायको शांतपणे म्हणाली. “नोंदीसाठी.”

“असंच सांगायचं, बाई. बरोबर आहे तुझं.”

मेहुणा तर डोळे पुसतच आला. “ताई, तू म्हणशील तर मी इथे कायमचा राहतो.”

“तू कायमचाच आहेस,” बायको म्हणाली आणि तिनं माझी उशी उन्हात टाकली.

त्यानंतरचे दिवस मी अपराध न करता शिक्षा भोगली. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. ‘घरी बोलणं आहे ना?’ असं विचारू लागले. मी जितका खुलासा करावा तितकी माझ्या दुःखाची खोली वाढे. शेवटी मी जाहीर केलं की रविवारी सकाळी मी समुद्रावर फळी घेऊन जाणार आहे. तेव्हा कुठे सहानुभूतीची जागा खऱ्या काळजीनं घेतली. आता सगळ्यांना खात्रीच पटली.

सल्ल्यांचा पूर आला. चेअरमननी पोहण्याऐवजी बागकाम सुचवलं. डॉक्टर म्हणाले, “पडाल तेव्हा तोंड बंद ठेवा. तोंड उघडं ठेवून पडणाऱ्यांवर माझा दवाखाना चालतो.” मेहुण्यानं घरीच सराव करायचं सुचवलं. पाण्याशिवाय काय उभं राहायचं ते राहून घ्या, मग पाण्याचं पाणी बघून घेईल, असा त्याचा मुद्दा. घरात फळीच्या आकाराची एकच वस्तू होती. इस्त्रीचं टेबल. मी त्यावर पोटावर झोपलो, हात मारले, आणि सांगितल्याप्रमाणे एका झटक्यात उठलो. टेबलानं पाय मिटून घेतले. त्यानंतर घरातले कपडे आणि मी, दोघंही चुरगळलेलेच हिंडत होतो.

रविवारी किनाऱ्यावर सगळी इमारत हजर. लग्नालाही इतके लोक वेळेवर येत नाहीत. साक्षीदार म्हणून खुद्द पूर्णविराम आले होते, कारण ओलं व्हायला तयार असलेला साक्षीदार कचेरीत मिळाला नाही. ते म्हणाले, “मी भिजणार नाही. मी बघणार.” त्यांनी पाण्यापासून बेताच्या अंतरावर घडीची खुर्ची मांडली आणि ऊन लागू नये म्हणून छत्री उघडली. पायात बूट, मोजे.

सर्फिंग शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती. तिनं मला वाळूवर झोपवून हात मारायला लावले. वाळूवर मला चांगलंच जमत होतं.

“काका, लाटेची वाट बघायची. ती आली की तुम्ही काही करायचं नाही.”

“काहीच नाही?”

“उठायचं फक्त.”

हे ‘उठायचं फक्त’ मला लहानपणापासून जमलेलं नाही. आईला विचारा, म्हटलं असतं, पण आई नाही.

पाण्यात शिरलो. पहिल्या लाटेनं मला ओळख न दाखवता ओलांडलं. दुसरीनं फळी नेली आणि मला ठेवलं. तिसरीनं मला नेलं आणि फळी ठेवली. काठावरून डॉक्टर ओरडत होते, “तोंड! तोंड!” मेहुणा ओरडत होता, “पुढची लावा, भावोजी, पुढची!” मी एकदा वळून काठाकडे पाहिलं. बायको सगळ्यांपासून जरा बाजूला, माझे कपडे आणि चष्मा धरून उभी होती आणि ओरडत नव्हती. मी पुन्हा फळीवर पोट टाकलं.

मग एक लाट आली. ती मोठी नव्हती, पण तिच्या मनात काहीतरी होतं. तिनं फळीखाली खांदा दिला आणि मी उठलो.

किती वेळ उभा होतो यावर मतभेद आहेत. ती मुलगी म्हणते, शिंक येऊन जाते तेवढा. मेहुणा म्हणतो मी उभा नव्हतोच, ओणवा होतो. मी एवढंच सांगतो की आवाज बंद झाले. डॉक्टर, मेहुणा, सगळे बंद. खालून कुणीतरी मला उचलून चाललं होतं आणि त्या कुणाचं माझ्याकडे काही काम नव्हतं. जन्मभर मी कामाशिवाय कुणाला उचलताना पाहिलं नव्हतं.

यापुढचं काही लोक खोटं मानतात. त्यांनी जरूर मानावं. साहेबांनी खुर्ची मांडली तेव्हा ओहोटी होती आणि आता नव्हती. माझी लाट किनाऱ्यावर थांबली नाही. ती तशीच वर गेली, माझ्यासकट साहेबांच्या खुर्चीखाली शिरली आणि खुर्ची पूर्णविरामांसह माझ्या फळीच्या पुढच्या टोकावर येऊन बसली. मग लाट परत फिरली. क्षणभर आम्ही दोघं समुद्राकडे निघालो होतो. पुढे साहेब खुर्चीत, छत्री उघडी, मागे मी उभा, एखाद्या जहागीरदाराच्या बग्गीवरच्या माणसासारखा. मी म्हणालो, “साहेब, भिजाल.” साहेब म्हणाले, “मी भिजणार...” मी त्यांना पहिल्यांदाच वाक्य अर्धवट सोडताना बघत होतो.

फळी उलटली. इमारतीतले सगळे धावले. आम्हाला दोघांना त्यांनी डोक्यावर उचललं आणि हातोहात, या खांद्यावरून त्या खांद्यावर, कोरड्या वाळूपर्यंत पोचवलं. गर्दीच्या हातांवरून असं वाहत जाणं हाही या शब्दाचा एक अर्थ असतो. त्याचा अनुभव कुठून आणायचा या विवंचनेत मी होतो, तो परस्पर मिळाला. खाली ठेवताना चेअरमन माझ्या कानात म्हणाले, “संसारात परत जा.”

माझे सगळे अर्थ पुरे झाले होते. मी तसाच ओला साहेबांपुढे उभा राहिलो. “नोंद उद्या आणतो, साहेब. दीड रकाना तरी होईल.”

पूर्णविराम बुटातलं पाणी ओतत होते. ओतता ओतता समुद्राकडे बघत होते. “नियमाचं पोटकलम ठाऊक आहे ना? एकाच अनुभवाचे दोन धनी असले तर नोंद वरिष्ठानं लिहायची.”

मला वाटलं गंमत करताहेत. पण साहेबांना गंमत या शब्दाची नोंद दुसऱ्याकडून लिहून घ्यावी लागली होती.

घरी आलो. मेहुण्यानं त्या दिवशी भिंग काढलं नाही, यावरून मी किती खचलेला दिसत असेन याची कल्पना यावी. बायको एवढंच म्हणाली, “मी पाहिलं तुम्हाला उभं राहिलेलं.” नोंदच साहेबांकडे गेल्यावर त्या साक्षीची कचेरीत किंमत नव्हती.

साहेबांनी ‘सर्फिंग’ लिहायला घेतलं आणि इथे एक नवलच घडलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या माणसाला थांबता येईना. रोज पानं वाढू लागली. पाण्याचा रंग, फेसाचा आवाज, छत्रीच्या काड्यांतून गेलेला वारा. ‘लाट म्हणजे’ असं लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. ‘सर्फिंगला सक्त मनाई’ ही पाटी त्यांनी स्वतः काढली. दर रविवारी खुर्ची घेऊन समुद्रावर जाऊ लागले, तेही बिनबुटांचे. खंड अडकला. आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलो. शेवटी छपाईवाला स्वतः येऊन उभा राहिला.

“साहेब, मागचं बसवून झालंय, पुढचं बसवून झालंय. ‘सर्प’च्या खाली मी एक ओळ मोकळी ठेवलीय. एक म्हणजे एक. जास्त पाहिजे असेल तर दुसरा छापखाना बघा.”

पूर्णविरामांनी मला बोलावलं. टेबलावर पानांचा ढीग. त्यांचा आवाज खाली आला होता. “याची एक ओळ करायची आहे. ते काम तुमच्याइतकं कुणाला जमत नाही.”

याच कौतुकानं मला आयुष्यभर मारलं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो.

“स्पष्ट नाही म्हणा,” बायको म्हणाली. “त्यांची नोंद, त्यांनीच निस्तरावी. तुम्हाला काय मिळणार त्यात? एका ओळीला नाव नाही.”

“नाहीच म्हणणार आहे.”

“मग गप्प का?”

कारण जिना चढतानाच ओळ सुचली होती. सुचलेली ओळ न लिहिता ठेवणं हे भरलेलं भांडं तिरकं धरून उभं राहण्यासारखं असतं. मी ती एका कागदावर उतरवून तिला दाखवली : 

‘सर्फिंग : आपल्या नसलेल्या जोरावर, तोल जाईपर्यंत, पुढे सरकत राहणे.’

तिनं दोनदा वाचलं. “यात माझ्या भावाला आणायची काही गरज नव्हती,” ती म्हणाली. मग तिसऱ्यांदा वाचून म्हणाली, “द्या नेऊन. चांगली आहे.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती वाचली. मग ढिगाकडे पाहिलं. मग पुन्हा ओळीकडे.

“समुद्र कुठे आहे यात?”

“‘तोल जाईपर्यंत’मध्ये आहे, साहेब.”

मग सगळी पानं गोळा करून त्यांनी खणात घातली आणि छपाईवाल्याला फोन लावला. “ओळ पाठवतोय. खाली आद्याक्षरं येतील.” आणि त्यांनी माझी सांगितली.

पलीकडून तो इतका ओरडला की मला शब्द न् शब्द ऐकू आला. एका ओळीला आद्याक्षरं द्यायचा नियम नाही, आणि नियम गेला खड्ड्यात, पण जागा नाही. त्या दोन अक्षरांना खाली आख्खी ओळ लागते. ती देऊ कुठून? कुठला तरी शब्द काढावा लागेल.

“खाली काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“‘सर्रास’.”

“तो नको. तो लोक सर्रास वापरतात. त्याच्या खाली?”

“‘सर्व’.”

“तो काढा,” पूर्णविराम म्हणाले. “त्याचा अर्थ सर्वांना माहीत आहे.” आणि त्यांनी फोन ठेवला.

खंड घरी आला त्या दिवशी मेहुणा नेहमीप्रमाणे भिंग घेऊन बसला. ते त्याला लागलं नाही. तेव्हापासून आमच्या शब्दकोशात ‘सर्व’ नाही. मी आहे.